ओर्विल टेस्डाल यांच्या मतावर हरकत

"तू कशाला आलीस गं, कॅरिन?" जोलीन म्हणाली. टाउन हॉलच्या दारात किल्ल्यांचा जुडगा तसाच लटकत होता. "कालच तर तुझ्या बाबांना पोचवून आलो. मी दुसरं कुणीतरी बघितलं असतं."

"कुणाला बघितलं असतंस?"

तिने जुडगा दारातून काढून घेतला. जोलीन आमच्या टाउनची क्लार्क, इथली निवडणूक तिच्याच देखरेखीखाली होते. आमच्या हेल्गेन गावात रिपब्लिकन माणूस हवा असेल तर रस्त्यावर उभं राहून हाक मारली तरी चार जण येतात. डेमोक्रॅट मात्र शोधावा लागतो. आणि मतदानाच्या टेबलाशी दोन्ही पक्षांची माणसं शेजारीशेजारी बसवायची ही आमच्याकडची जुनी रीत. त्यातली डेमोक्रॅटची खुर्ची बत्तीस वर्षं बाबांकडे होती. ऑगस्टमध्ये त्यांना जिना चढवेना, तेव्हा ते मला म्हणाले, "ती खुर्ची मोकळी राहता कामा नये." मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. एका शनिवारी जाऊन प्रशिक्षण घेतलं, शपथ घेतली.

बाबा गेले ते ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी. घरी बसून मी काय करणार होते?

शेजारच्या खुर्चीवर मिस्टर कुबियाक आधीच येऊन बसले होते. लेस्टर कुबियाक, वय अठ्ठ्याहत्तर, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, जन्माचे रिपब्लिकन. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, तरी त्यांना अजून मिस्टर कुबियाकच म्हणते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली.

"नीट बस पोरी. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तुझ्या बापाने बत्तीस वर्षांत दुरुस्त केला नाही. म्हणायचा, हे काम सरकारचं."

"तुमचं तर दुरुस्तीचंच दुकान आहे, मिस्टर कुबियाक."

"मग? डेमोक्रॅटची खुर्ची मी फुकट दुरुस्त करू?"

जोलीनने आमच्याकडे डोळे वटारले. हॉलमध्ये राजकारण बोलायचं नाही हा तिचा पहिला नियम. सात वाजले. तिने दार उघडलं आणि थंडीने नाकं लाल झालेली माणसं एकेक करून आत आली.

आता मला आठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी.

तेव्हाही नोव्हेंबर होता. मिस्टर कुबियाक यांच्या पत्नी डोरिस मतदानाच्या दोन दिवस आधी गेल्या. त्यांनी टपालाने मत आधीच पाठवलं होतं. आमच्याकडे टपालाची पाकिटं मतदानाच्याच दिवशी, सगळ्यांसमोर उघडतात. एकाने पाकिटावरचं नाव आणि पत्ता मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीत ते नाव शोधून पुढे क्रमांक लिहायचा. मोठ्याने अशासाठी, की हॉलमधल्या कुणालाही हरकत घेता यावी. मतदानाच्या दिवसाआधी मतदार वारला असेल तर त्याचं मत धरत नाहीत, असा नियम आहे. पण तो वारला हे कुणीतरी तिथे उठून सांगावं लागतं.

त्या दिवशी बाबांनी डोरिस कुबियाक हे नाव वाचलं आणि स्वतःच हरकत घेतली. शेजारी नवरा बसलेला, काळा कोट घालून.

हे मला आईने सांगितलं. संध्याकाळी बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. "नियम तो नियम," एवढंच म्हणाले. आईने ताट उचलता उचलता विचारलं, "आणि आपल्या पक्षाची बाई असती तर, ओर्विल?"

बाबा उठून टीव्हीपुढे जाऊन बसले. आईने पुन्हा विचारलं नाही. तीही आता नाही. पण तो प्रश्न आमच्या घरात राहिला. बाबा टीव्हीवर कुणा रिपब्लिकनला ढोंगी म्हणाले की आई फक्त त्यांच्याकडे बघायची, आणि ते आवाज कमी करायचे. गावात तर उघडच बोलत. आयुष्यभर 'प्रत्येक मत मोजा' म्हणून घसा फोडणाऱ्या माणसाने शेजाऱ्याच्या बायकोचं मत बाहेर ठेवलं. आणि ज्यांच्या पक्षाची पत्रकं दर निवडणुकीला 'मेलेले मत देतात' म्हणून ओरडतात, त्या कुबियाकने मेलेल्या बायकोचं मत आत घ्या म्हणून हात जोडले. दोघंही आपापल्या पक्षाच्या उलट बोलले. गावाने दोघांनाही हसून घेतलं.

माझे वडील ढोंगी होते की नाही, हे मला त्यांच्या हयातीत विचारता आलं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, त्यांची औषधं दिली, नखं कापली. हा एक प्रश्न मात्र राहून गेला.

दहाच्या सुमाराला गर्दी ओसरली. जोलीनने टपालाच्या पाकिटांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. ठेवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला कळलं, त्यात बाबांचंही पाकीट होतं.

बाबांनी मत दिलं तो दिवस मला लख्ख आठवत होता. ऑक्टोबरचा मध्य, स्वयंपाकघरातलं टेबल. त्यांनी डाव्या हाताचा आडोसा करून चाळीस मिनिटं मतपत्रिका भरली. मी साक्षीदार होते, पण त्यांनी मला एक खूणही दिसू दिली नाही. पाकीट चिकटवून सही केली. हात कापत होता, टेस्डालमधला शेवटचा भाग खाली घसरला. त्याखाली मी साक्षीदार म्हणून सही केली.

"वाच," मिस्टर कुबियाक म्हणाले.

मी वाचायला लागले. नाव, पत्ता. ते यादीत बोट फिरवत, क्रमांक सांगत. पुढचं. पुढचं. सतरावं पाकीट हातात आलं आणि वरची सही तिरकी दिसली.

मी थांबले.

"वाच की," ते हळूच म्हणाले.

"मिस्टर कुबियाक, हे बाबांचं आहे."

"मला कमी ऐकू येतं. तू नाव वाच, मी क्रमांक लिहितो."

"सकाळपासून तर सगळं ऐकू येत होतं."

"आत्ताच बिघडलं."

मी जोलीनकडे पाहिलं. ती मतयंत्राजवळचा कागद उगाच सरळ करत होती. "माझ्याकडे अजून मृत्यूच्या दाखल्याचा कागद आलेला नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "कागद येईपर्यंत माझ्या यादीत ओर्विल टेस्डाल जिवंत आहेत."

मी नाव वाचलं. मोठ्याने, पत्त्यासकट.

हॉलमध्ये त्या वेळी सात-आठ माणसं असतील. पोस्टाची बाई होती, चर्चमधला ऑर्गन वाजवणारा होता, ओल्सनांचं अख्खं कुटुंब होतं. काल दुपारी चर्चच्या तळघरात यातल्या प्रत्येकाने बाबांच्या नावाने हॅम सँडविच आणि ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉट डिश खाल्लं होतं. त्यातले निम्म्याहून जास्त रिपब्लिकन. कुणी काही बोललं नाही. पोस्टाच्या बाईने तर डोकं मतदानाच्या पडद्यामागे घेतलं.

मिस्टर कुबियाकांचं बोट यादीत बाबांच्या नावाखाली टेकलेलं होतं.

"का?" मी विचारलं. माझा आवाज फक्त त्यांच्यापुरता होता. "तुम्ही का गप्प?"

"आठ वर्षं मी तुझ्या बापाला ढोंगी म्हणतोय. आज मी हरकत घेतली तर उद्या गाव मला काय म्हणेल? त्याचंच नाव मला लावतील. मरू दे. एक मत इकडचं तिकडे. घाल आत."

"आणि डोरिस?"

त्यांचं बोट यादीवरून उचललं गेलं.

खरं सांगायचं तर मला ते पाकीट उघडून मत यंत्रात घालायचं होतं. बाबांनी केलेलं ते शेवटचं काम होतं. त्यानंतर त्यांनी पेनही हातात धरलं नाही. सगळा हॉल मला ते करू देत होता, प्रेमानेच. नुसतं गप्प बसायचं होतं. पण मी गप्प बसले असते तर डोरिसबाईंचं मत नियमामुळे बाहेर राहिलं नव्हतं, त्या पलीकडच्या पक्षाच्या होत्या म्हणून राहिलं होतं, असं आज ठरलं असतं. आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं आणि ते मीच दिलं असतं, बाबांच्या वतीने, त्यांच्याच खुर्चीत बसून. बाबांनी स्वतः काय केलं असतं, मला ठाऊक नाही. त्यांनी केलं असतं तसं मला करायचं नव्हतं. त्यांनी जे करायला हवं होतं, ते करायचं होतं.

"जोलीन," मी म्हणाले, "माझी हरकत आहे."

जोलीन वळली. "कॅरिन, नको गं."

"माझी हरकत आहे. शपथ दे."

तिने टेबलामागे येऊन शपथेचा छापील कागद घेतला. मी उजवा हात वर केला.

"हरकतीचं कारण?"

गेल्या पाच दिवसांत मी किती जणांशी बोलले होते. दवाखाना, पाद्री, अंत्यविधीवाले, चुलत भाऊ. प्रत्येकाशी मी 'गेले' म्हटलं होतं, 'आता नाहीत' म्हटलं होतं, किंवा समोरच्यालाच वाक्य पुरं करू दिलं होतं.

"ओर्विल टेस्डाल हे माझे वडील," मी म्हणाले. "ते गुरुवारी पहाटे वारले. मी तिथे होते. या पाकिटावर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा माझीच आहे."

कुणीतरी नाक ओढलं. ओल्सनांच्या आजी असाव्यात.

पाकीट न उघडता, न मोजायच्या मतांबरोबर जायचं. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. मी केली. मिस्टर कुबियाकांनी पेन घेतलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि फार सावकाश, सगळी अक्षरं नीट दिसतील अशी सही केली. मग यादीत बाबांच्या नावापुढे क्रमांकाच्या जागी एक सरळ रेघ मारली.

"पुढचं," ते म्हणाले.

एक वाजता जेवणाच्या सुट्टीपुरत्या आमच्या जागी बसायला दोघी आल्या. मी डबा उघडत होते, तेवढ्यात मिस्टर कुबियाक कोट घालून समोर उभे राहिले.

"चल बाहेर."

"जेवते आहे."

"घेऊन चल. शंभर फूट."

मला कळेना. त्यांच्यामागे मी निघाले. पार्किंग ओलांडून, वाळक्या गवतातून, रस्त्याच्या कडेच्या पाटीपर्यंत. तिथे ते थांबले आणि पाटीच्या खांबावर हात आपटला.

"इथपर्यंत कायदा. मतदानाच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार नाही. हा खांब एकशे तीन फुटांवर आहे. तुझ्या बापाने टेप लावून मोजलंय. बत्तीस वर्षं आम्ही दुपारी इथे येऊन भांडायचो."

"डोरिस गेल्यावरही?"

"त्या वर्षी नाही. पुढच्या वर्षी आलो तर हा माणूस इथे एकटाच उभा. बर्फात. मी गाडीतून बघत होतो. म्हटलं, मर तिथेच. वीस मिनिटं उभा राहिला. शेवटी आलो आणि म्हणालो, ढोंगी आहेस. तो म्हणाला, सिद्ध कर. सात वर्षं सिद्ध करत होतो." त्यांनी नाक पुसलं. "आणि आज तू सगळी वाट लावलीस. आता मी त्याला काय म्हणू?"

"ढोंगीच म्हणा. आज हरकत मी घेतली, त्यांनी नाही."

"पोरगी कुणाची पण?"

मी सँडविचचा अर्धा भाग त्यांना दिला. त्यांनी तो उघडून आत काय आहे ते तपासलं.

"शेरीफच्या जागेला त्याने आमच्या माणसाला मत दिलं असणार," चावत चावत ते म्हणाले.

"शक्यच नाही. बाबांनी? बावन्न वर्षांत एकदा नाही."

"तुला सांगणार होय तो? माझ्यापाशी बोलला होता. उन्हाळ्यात."

"काय बोलले?"

"म्हणाला, तुमचा माणूस गाढव आहे पण प्रामाणिक आहे."

"म्हणजे मत देणार असं होतं का ते?"

"त्याच्या तोंडी? पक्कं वचन होतं ते!"

"मिस्टर कुबियाक, तुमच्या पक्षाचं हेच चुकतं. पुरावा काही नाही आणि निकाल आधीच जाहीर."

"आणि तुमच्या पक्षाचं काय? प्रत्येक मत मोजा, प्रत्येक मत मोजा! आज कुणी बाहेर ठेवलं?"

"मेलेले मत देतात म्हणून कोण ओरडतं? सकाळी एकाएकी बहिरं कोण झालं होतं?"

"ते वैद्यकीय कारण होतं."

मी हसले. पाच दिवसांनी पहिल्यांदाच, आणि मोठ्याने. रस्त्याने दुधाचा टँकर गेला, चालकाने हॉर्न वाजवला. मिस्टर कुबियाकांनी हात वर केला.

"लेस्टर म्हण," ते म्हणाले. "भांडायचं असेल तर मिस्टर वगैरे चालत नाही. जोर कमी होतो."

"लेस्टर," मी म्हणाले. जीभ अडखळली. "तुमच्या त्या शेरीफबद्दल तीन गोष्टी सांगते. नीट ऐका."

"सांग," लेस्टर म्हणाले आणि कोटाची कॉलर वर करून खांबाला पाठ टेकली. "अजून पंचवीस मिनिटं आहेत."