पिवळे डोळे

वांग्यांचं कॅरेट उचललं की सिंधूताईंच्या डाव्या बरगडीखाली कळ यायची. नवरा गुलाबराव म्हणायचे, गॅस असेल. ओवा चावून झाला, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. शेवटी खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांची बोटं एका जागी थांबली.

"पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीये. का वाढली, ते शोधावं लागेल."

मग शोध सुरू झाला. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. सोनोग्राफीत लिव्हर चांगलं निघालं, पण पित्ताशयात खडे दिसले. दर वेळी काहीतरी 'नाही' निघायचं आणि सिंधूताईंचा जीव अजूनच खालीवर व्हायचा. मोठा रोग असला की असंच फिरवतात, असं शेजारणीनं सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी गुलाबरावांना चुलीपुढं बसवून भाकर थापायला शिकवली.

पुढच्या खेपेला बाईंनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "डोळे पिवळसर आहेत. घरात अजून कोणाचे असे आहेत?"

"भावाचे हायेत. पण त्याचं दारूनं झालं."

"कधीपासून आहेत?"

सिंधूताई सांगायला गेल्या आणि अडकल्या. देवानंद दुसरीत होता, तेव्हाच पोरं त्याला हळद्या म्हणून चिडवायची. दुसरीतलं लेकरू कुठली दारू पिणार?

हे इतकी वर्षं सुचलं कसं नाही? देवानंदची सोयरीक ठरली होती, तेव्हा त्यांच्या सख्ख्या माणिकमामांनीच पोरीकडच्यांना त्याचे डोळे दाखवले. पोरगा पितो म्हणाले. लग्न मोडलं. त्यानं आईची शपथ घेतली, रडला. "डोये का खोटं बोलतात?" असं त्याला विचारणारी सिंधूताईच होती. पुढं तो नांदुऱ्याला गेला, पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं, एकटाच राहिला. सिंधूताईंच्या लेकीच्या, मयुरीच्या लग्नाला मांडवाबाहेरूनच आहेर देऊन गेला.

भावाचंही रक्त पाहायला हवं, असं बाईंनी सांगितलं. सिंधूताईंनी फोन लावला.

"देवा, मी सिंधू बोलून राह्यली."

पलीकडून मोटारीची घरघर ऐकू येत होती. त्यानं ती बंद केली.

"बोल ना, बाई." थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

"माही तब्येत बरी नाही. डाक्टरीण म्हणते, भावाचंबी रक्त पाह्यचं हाय. येशील काय?"

"कवा येऊ?"

दुसरं काही त्यानं विचारलं नाही. दुकान बंद ठेवून आला, बाही वर केली, रक्त दिलं.

दोघांचे रिपोर्ट एकसारखे आले. बाईंनी समजावून सांगितलं, "रक्तातल्या लाल पेशी बशीसारख्या चपट्या असतात. तुमच्या चेंडूसारख्या गोल आहेत. पानथरी त्यांना अडवून फोडते, म्हणून ती वाढते, डोळे पिवळे दिसतात आणि पित्ताचे खडेही होतात. कॅन्सर नाही. जन्मापासूनचं आहे, घराण्यातून आलेलं."

सिंधूताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. देवानंद खुर्चीत पुढं सरकला.

"मॅडम, दारूनं होते काय हे?"

"नाही. दारूचा काहीच संबंध नाही."

"एक डाव अजून सांगा. बाईले नीट आयकू येऊ द्या."

"आयकलं रे, देवा," सिंधूताई म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना. "मले माहीत असतं तं..."

"मी सांगतलं होतं ना तुले."

तो रागानं बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. बाईंनी दोघांना रोजची गोळी लिहून दिली. सिंधूताईंच्या खड्यांचं ऑपरेशन करावं लागणार होतं, पानथरी मात्र तूर्त काढायची नव्हती. मयुरीचंही रक्त तपासून घ्यायला सांगितलं.

बसस्टँडवर सिंधूताई म्हणाल्या, "घरी चाल ना."

"आज नाही." तिकिटाचे सुट्टे पैसे काढत तो म्हणाला, "आपरेशनच्या वक्ताले येतो. भाऊजी एकटे काय काय पाह्यतील?"

"अन् माणिकमामाले सांगतोस काय?"

"मी आता कोणाले सांगत बसत नाही, बाई."

नांदुऱ्याची बस लागली. तो चढला, खिडकीपाशी बसला. बस वळेपर्यंत सिंधूताई तिथंच उभ्या राहिल्या. मग बाकावर बसून त्यांनी माणिकमामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आता जुनं कशाला काढते, म्हणत मामांनी फोन ठेवून दिला.

सिंधूताईंनी डोळे पुसले आणि मामांनाच पुन्हा फोन लावला.