साखरेच्या पाण्यातला पापुद्रा

मी एक जुना पापुद्रा आहे. जुना म्हणजे किती, तर एकशे अकरा दिवसांचा. हसू नका मित्रांनो. आमच्या घराण्यात एकशे वीस दिवसांपुढे सहसा कोणी जात नाही, तेव्हा मला म्हाताराच समजा.

एका तांबड्या रक्तपेशीला चहूबाजूंनी गुंडाळून मी राहतो. तुमच्या पुस्तकात मला पेशीपटल म्हणतात. नाव मोठे भारदस्त, पण अंग असे की माझ्यासारखे दहा हजार जण एकावर एक रचले, तर कुठे तुमच्या वहीच्या एका पानाइतकी जाडी व्हायची.

ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाडाच्या पोकळीत माझा जन्म झाला. मला कोणी शिवले नाही की विणले नाही. स्निग्ध पदार्थाचे कोट्यवधी कण एकत्र आले. त्या प्रत्येक कणाला एक डोके आणि दोन शेपट्या. डोक्याला पाण्याची ओढ, तर शेपट्यांना पाण्याचे वावडे. आता पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी! मग कणांनी दोन थर केले. एका थराने डोकी बाहेरच्या पाण्याकडे केली, दुसऱ्याने आतल्या पाण्याकडे, आणि सगळ्यांनी आपापल्या शेपट्या मध्ये दडवल्या. झाला पापुद्रा तयार. त्या दोन थरांमध्ये जागोजागी प्रथिनांची दारे बसली.

मी पुरता तयार होतो न होतो तोच पेशीने एक अजब गोष्ट केली. आपले केंद्रक उचलून बाहेर टाकून दिले. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या द्रव्याला जास्त जागा हवी होती ना! घर ऐसपैस झाले खरे. पण नवी दारे कशी घडवायची, याच्या साऱ्या सूचना त्या केंद्रकात होत्या. त्या दिवसापासून माझे एखादे दार बिघडले तर नवे करून देणारे कोणी उरले नाही. आहे त्यात निभावायचे.

माझे काम राखणदाराचे. प्राणवायू मात्र मला विचारीत नाही. तो इतका बारीक आणि तेलकटांशी इतका सलोख्याचा, की सरळ माझ्या अंगातून आरपार जातो. पाण्याला स्वतःच्या अरुंद वाटा आहेत, तिथून ते आत-बाहेर करते. साखरेसाठी फिरते दार आहे. साखरेचा कण दारात बसला की दार आतल्या बाजूला उघडते. जिकडे साखर जास्त तिकडून कमीकडे ती जाते, त्यासाठी मला काही ताकद खर्चावी लागत नाही. खरी मेहनत मिठाची. मिठातला सोडियम सारखा आत डोकावतो. त्याचे तीन कण बाहेर ढकलायचे आणि पोटॅशियमचे दोन आत ओढायचे, असा एक पंप मी रात्रंदिवस चालवतो. मिठाला असे बाहेर रोखून धरले नाही, तर त्याच्यामागून पाणी आत शिरेल आणि मी फुगून फुटेन.

इतरांना मी हरघडी आत-बाहेर सोडतो. मला स्वतःला मात्र कुठेच जाता येत नाही. मी आतलाही नाही आणि बाहेरचाही नाही. तरी पहिले सत्तर दिवस बरे गेले. मिस्त्रीच्या अंगात मी सारखा धावत होतो. माझ्याहून अरुंद नळ्यांतून चेपून, वळून, पलीकडे जाऊन पुन्हा तबकडीसारखा गोल होत होतो. त्याने पान्ह्याला हिसका दिला की दंडातल्या प्राणवायूचा तुटवडा आम्हीच भरून काढायचो.

मग एके दिवशी मिस्त्रीने रक्त दिले. सुई पाहून त्याने मान फिरवली. त्याचे सोबती म्हणाले, की एवढा मोठा ट्रक अंगावर घेणारा गडी टाचणीएवढ्या सुईला भितो. तो हसला, आणि तेवढ्यात मी नळीतून एका पिशवीत येऊन पडलो.

पिशवीचे जगणे कसे सांगू? फ्रीजमधली ती थंडी, ते गप्प बसणे. थंडीत माझा पंप जवळजवळ थांबला. पोटॅशियम माझ्या डोळ्यांदेखत झिरपून बाहेर जात होते, सोडियम आत येत होते, आणि मला हात हलवता येत नव्हता. अंगावर काटे उभे राहिले. हे बोलण्यापुरते म्हणत नाही. साठवणीत आमच्या अंगावर खरेच टोके येतात. कधी काठाचा एखादा तुकडा सुटून जायचा आणि तेवढा मी आखूड व्हायचो. मिस्त्रीचा रक्तगट हजारात एखाद्याचा. शेजारच्या पिशव्या आल्या, गेल्या. आम्हाला कोणी मागेना.

रक्तपेढीतल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञांना सगळे आजोबा म्हणत. ते रोज सकाळी आमची पिशवी उचलून उजेडात धरायचे. "काय पाहुणे, मुक्काम हलत नाही का अजून?" असे विचारून पुन्हा फळीवर ठेवायचे. बेचाळीस दिवसांची मुदत संपली की पिशवी टाकून देतात. एक्केचाळिसावा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही. नुसती तारीख वाचली.

त्याच दुपारी मागणी आली. कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईच्या पोटातल्या जखमेतून फार रक्त गेले होते. गट मिस्त्रीचाच. आसपासच्या सगळ्या रक्तपेढ्यांत मिळून त्या गटाची ही एकच पिशवी होती. संध्याकाळपर्यंत रक्त चढले नाही तर तिचे हृदय टिकणार नाही, असे डॉक्टरांनी तिच्या थोरल्या बहिणीला स्पष्ट सांगितले होते. ही ताईही त्याच कारखान्यातली. दोघींची नखे निळी होती. ताईची रंगाने, खाटेवरच्या रंगारणीची रक्त गेल्याने.

वॉर्डात नवी सिस्टर होती, रुजू होऊन आठवडा झालेली. तिने पिशवीवरचा गट, क्रमांक आणि नाव दोनदा ताडून पाहिले. चूक झाली ती पुढे. रंगारणीच्या शिरा बारीक. सकाळी चार वेळा टोचल्यावर एकदाची सुई बसली होती, आणि तिच्यातून साखरेचे पाणी चालू होते. रक्ताला निराळी सुई हवी, नाहीतर नळी आधी मिठाच्या पाण्याने धुऊन घ्यायला हवी. सिस्टरला बाईची दया आली. पुन्हा टोचायला नको म्हणून तिने आमची नळी त्याच नळीच्या सांध्याला जोडली आणि साखरेचे पाणी तसेच ठिबकत ठेवले. ताईने तिचे आभारही मानले.

मी पहिल्याच घोटात सांध्यापाशी पोचलो. तिथले पाणी मिठाचे नव्हते. त्यात नुसती साखर होती. साखर पाहून फिरती दारे फिरू लागली. त्यांना तेवढेच येते. एक कण, शंभर कण, लाख कण. साखरेच्या मागोमाग पाणी निघाले. माझी तबकडी फुगली, सुरकुत्या ताठ झाल्या. दार लावून घ्यावे तर दाराला कडी नाही. पुढे सुई, मागे येणाऱ्यांची रेटारेटी, चारी बाजूंना प्लास्टिक. माझे भाऊ एकमेकांना चिकटून गोळे होऊ लागले. शेजारचा एक ताणला, आणखी ताणला, आणि त्याच्यातले तांबडे द्रव्य पाण्यात सांडले. उरला तो फिकट, रिकामा पापुद्रा.

मित्रांनो, असे फुटलेले रक्त तिच्या शिरेत गेले असते, तर औषधाचे विष झाले असते.

रंगारणीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. ती नळीकडे पाहत हळूच म्हणाली, "ताई, रंग फाटतोय."

"झोप गं. कारखान्यातून उचलून आणली, तरी हिच्या डोक्यातला रंगाचा हौद काही सुटत नाही."

"नळीत बघ ना."

ताईने पाहिले आणि ती उठलीच. "सिस्टर, इकडे या. आमच्याकडे चुकीचं पाणी पडलं की रंगात असेच दाणे धरतात. मग आधी हौद बंद करतो आम्ही."

सिस्टर म्हणू लागली, की रक्त असेच दिसते. पण म्हणता म्हणता तिने वाकून पाहिले, आणि दोन्ही नळ्यांचे चिमटे बंद केले. आम्ही हातापासून चार बोटांवर थांबलो.

ती नळी काढून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली असती, तर कोणाला काही कळले नसते. तिचा हात एकदा डब्याकडे गेलाही. मग तिने डॉक्टरांना बोलावले आणि रक्तपेढीला फोन केला. आजोबा धापा टाकत आले.

"माझ्याकडून चुकलं," ती म्हणाली. "साखरेच्या पाण्यातच जोडलं मी."

"हातात शिरलं का?" आजोबांनी विचारले.

"नाही. इथे थांबवलं."

"मग वरची पिशवी शाबूत आहे. नवी नळी घे, मिठाचं पाणी घे, आणि दुसरी सुई लाव."

डॉक्टरांनी मान हलवली. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, की त्यांना पुन्हा टोचावे लागेल. त्यावर रंगारीणच पुटपुटली, "टोचा हो. कोपरापर्यंत गरम रंगात हात घालणारी बाई मी, तुमच्या सुईला काय भिते?"

सुई दुसऱ्या प्रयत्नात बसली. पिशवीतले माझे सगळे भाऊ थेंबाथेंबाने तिच्याकडे निघाले. आमची नळी दोन्ही टोकांना चिमटे लावून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली होती. तिथून मी ऐकत होतो. पिशवी रिकामी व्हायला आली, तेव्हा ताईने बहिणीचा हात उजेडात धरला. "नखं गुलाबी झाली गं. इतकी वर्षं रंगात काढली, पण असा रंग काही आपल्याला जमला नाही."

ती जगणार होती. मी मात्र तिच्या हातापासून चार बोटे अलीकडेच राहिलो.

नंतर आजोबांनी नळीतला एक थेंब काचेवर घेतला, वर दुसरी बारीक काच ठेवली आणि सिस्टरला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. रागावले नाहीत. ही सावलीसारखी दिसतात ती फुटलेली, हे सांगून त्यांनी काच किंचित सरकवली.

"आता हा बघ. पार चेंडू झालाय, पण फुटला नाही. याच्याकडे सगळी दारं होती. तू जे पाणी दिलंस, त्याला मात्र यानं नाही म्हणायचं तरी कसं?"

मित्रांनो, तो मीच. एकशे अकरा दिवसांत मला एकट्याला असे कोणी पाहिले नव्हते. दोन काचांच्या मध्ये मी जागचा हलू शकत नाही, आणि आता फार वेळही उरलेला नाही. म्हणून एवढेच मागतो. मोठे झालात की तुमच्याही हाती कोणाची नळी, कोणाचे औषध, कोणाचे पाणी येईल. एकात दुसरे मिसळण्याआधी जाणत्याला विचारा, दोन्ही सारखीच नितळ दिसत असली तरी. चुकलात तर तिथेच थांबा आणि सांगा. आणि खाटेवरचे माणूस काही भलतेच बोलले, तर त्याला झोप म्हणू नका. ते दाखवते आहे तिकडे आधी पाहा.

सिस्टर अजून भिंगाला डोळा लावून आहे. मघाशी तिने हात पुढे करून दिवा मंद केला, मला त्याची धग लागू नये म्हणून. त्याचा आता काही उपयोग नाही. पण तिने तेवढे केले.