दोनशे दिरहमांचा कान

मी माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच ऐकत आलो, आज तुम्ही माझं ऐका. मी स्वस्तातला आहे. किंमत दोनशे दिरहम, तीही तिझनीत शहराच्या बाजारात घासाघीस करून ठरलेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे चार्जरच्या ढिगाशेजारी मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस कल्तूम आली. तिची आत्या इज्जा ही आमच्या भागातली नावाजलेली गायिका, चाळीस वर्षं लग्नांतून गायलेली. तिच्या घशात गाठ झाली होती. सोमवारी अगादीरच्या इस्पितळात शस्त्रक्रिया होती आणि नंतर आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. त्याआधी आत्याचं गाणं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, या एकाच ध्यासानं कल्तूम वणवण करत होती.

"हा कसा आहे?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"तोंडाजवळ धरलात तर ऐकतो. लांबचं विचाराल तर ठार बहिरा."

बहिरा! तो शब्द मला अजून झोंबतो.

घरी आल्यावर कल्तूमला माझा भरवसा वाटेना. तिनं मैत्रिणीकडून एक महागडा माईक मागून आणला आणि मला कपाटावर टाकलं. प्रत्येकाचं वेगवेगळं रेकॉर्डिंग करायचं आणि मग ते जोडायचं, असंही तिनं कुठेतरी पाहून ठरवलं.

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे गाणारे-वाजवणारे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. शेजारच्याचा खांदा हलला की आपला हात पडतो. डफ वाजवणारे बीहीकाका म्हणजे इज्जाचे दीर. त्यांना एकट्यालाच खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि तालासाठी टकटक लावली.

"हा कानात टकटक करणारा कोण गं?" काका ओरडले. "याला कोणी बोलावलं?"

"काका, तो ताल आहे."

"ताल आम्ही धरतो. याला म्हणावं, चहा पी आणि घरी जा."

शिवाय डफाचं कातडं निखाऱ्यांवर शेकावं लागतं आणि ते थोडाच वेळ ताठ राहतं. कल्तूम 'परत एकदा' म्हणेपर्यंत ते ढिलं पडे आणि काका पुन्हा शेगडीकडे निघत. आणि तो महागडा पाहुणा? त्याला सगळंच ऐकू येई. निखाऱ्यांची तडतड, शेजारचं गाढव, तीन घरं पलीकडचं नवराबायकोचं भांडण. शुक्रवार गेला, शनिवारही गेला. दर खेपेला इज्जाचा आवाज थोडा थोडा खरवडला जात होता. मी कपाटावरून बघत होतो आणि माझा नुसता संताप होत होता.

रविवारी सकाळी इज्जाच उखडली.

"पोरी, माझा गळा उद्या कापायचाय, आणि तू माझ्या गाण्याचे तुकडे आजच करतेस? मी एकदाच गाईन. सगळ्यांबरोबर. काढ तो कपाटावरचा बहिरा."

इज्जाच्या गाण्याला टाळ्यांची साथ देणाऱ्या चार बायकांना बोलावणं गेलं. बैठकीच्या खोलीत भिंतींलगत लोकरीच्या गाद्या असतात, त्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. कल्तूमनं मला मधोमध उभं केलं. इज्जा माझ्यापासून वीतभर, बायका चार पावलं मागे, काका पार दाराशी. डफ जास्त वाटला की काका आणखी मागे, टाळ्या कमी वाटल्या की बायका पुढे. जागा ठरली की तिथे ज्याची त्याची चप्पल खुणेला ठेवायची.

"गालिच्यावर चपला!" इज्जा म्हणाली. "भाऊजी, तुमच्या आईनं मला घराबाहेर काढलं असतं."

"आधी मला काढलं असतं," काका म्हणाले. सगळे हसले, काकांनी डफ शेकून आणला आणि इज्जा गाऊ लागली.

मी बहिरा होतो म्हणूनच गाढव ऐकलं नाही, भांडण ऐकलं नाही. मी इज्जाला ऐकलं, तिच्या श्वासासकट. शेवटच्या कडव्यात तिचा आवाज फाटला. कल्तूम डोळे पुसत म्हणाली, "आत्या, तेवढं मी काढून टाकते."

"हात लावू नकोस. तोही माझाच आहे."

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. इज्जा वाचली, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज, शेजारी बसलेल्यालाही न कळणारी. भेटायला येणारे हळहळतात, "गाणं संपलं बिचारीचं."

संपलं? कोण म्हणतं? दर शुक्रवारी कुसकुसचं जेवण झालं की गालिच्यावर चपला मांडल्या जातात. इज्जा माझ्यावर ओठ टेकते आणि एकेक ओळ कुजबुजते. मी ती उचलतो, लॅपटॉपला जोडलेला स्पीकर ती खोलीभर पोचवतो आणि बायका झेलून गातात. ओळ चुकली तर इज्जा मला धरूनच त्यांना झापते, आणि तेही सगळ्यांना ऐकू जातं. तोंडाजवळचं तेवढं मला ऐकू येतं. तिला तेवढंच हवं आहे.

तेव्हा मला बहिरा म्हणणाऱ्यांनो, आणि तिला संपली म्हणणाऱ्यांनो, येत्या शुक्रवारी या. चपला दारात काढू नका, आत घेऊन या. कोणी कुठे उभं राहायचं ते आम्ही दोघं ठरवू.