उंटापुढचे काळे प्यादे

मित्रांनो, जरा खाली वाका, म्हणजे मी दिसेन. मी एक जुने काळे प्यादे आहे, राजाच्या शेजारच्या उंटापुढे उभे राहणारे. रीगातल्या एका सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवले. पुढे आउस्माच्या कुत्र्याने माझ्या डोक्याचा टवका उडवला. तिने मला फेकले मात्र नाही.

आउस्मा ट्राम चालवायची आणि सुट्टीला बागेतल्या बाकावर पट मांडायची. तिची एक लाडकी खेळी होती. दुसऱ्याच चालीला मला दोन घरे पुढे ढकलायचे आणि आपल्या राजाची बाजू उघडी टाकायची! या खेळीला आमच्या लाटवियाचेच नाव आहे, तरी जाणकार तिला नाके मुरडतात.

"देशाचं नाव आहे म्हणून काय जीव द्यायचा?" तिच्या बुद्धिबळ क्लबचा कप्तान तालिस म्हणायचा.

एस्टोनियाच्या क्लबविरुद्धच्या सामन्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत मानाच्या पटावर कोण बसणार, हे दोघांमधल्या एका डावावर ठरणार होते. डाव बरोबरीत सुटला तर जागा कप्तानाची. आउस्माला तो मान आजवर कधीच मिळाला नव्हता. समोर तालिस, पांढरी मोहरी घेऊन.

दुसरी चाल. आउस्माचे बोट माझ्या फुटक्या डोक्यावर टेकले आणि थबकले.

"लागला हात!" तालिस हसला. "आता तेच चालव."

"चालवणारच होते. तू आपला राजा सांभाळ."

आणि मी निघालो! काय सांगू मित्रांनो, एका दमात दोन घरे! तालिसचा वजीर धाडधाड आत घुसला आणि आमचा कोपऱ्यातला हत्ती खाऊन बसला.

"फुकटचा हत्ती सोडतोय होय मी?"

"खा, पोटभर खा," आउस्मा म्हणाली.

त्याचा वजीर कोपऱ्यातच अडकला. मी एक प्यादे खाल्ले, आणखी पुढे सरकलो. माझ्या पुढच्या, शेवटच्या घरात त्यांचा राजाच आडवा उभा! तेव्हा आउस्माने चक्क आपला वजीर त्याच्या तोंडी दिला. बघे ओरडले, "अगं, वेडी झालीस का?" राजाला तो खावाच लागला. राजा बाजूला झाला आणि मी शेवटच्या घरात पाऊल ठेवले.

तिथे पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. आमचा मारलेला वजीर तालिसच्या कोपराशी पडला होता. त्याने पट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तो वजीर स्वतःच उचलून तिच्यापुढे धरला.

"घे बाई. मात झाली माझी. पहिला पट तुझा."

माझ्या जागी वजीर उभा राहिला. टाळ्या त्याला मिळाल्या. मी कुठे होतो? आउस्माच्या घामेजलेल्या मुठीत, घट्ट. तिने ती मूठ घरी पोचेपर्यंत उघडली नाही.

मित्रांनो, तुमच्या पटातले एखादे प्यादे फुटले, तर त्याच्या जागी बाटलीचे बूच मांडू नका. त्यालाच पुसून उभे करा, आणि एकदा तरी दोन घरे पुढे जाऊ द्या.