रिपोर्ट चांगला, ताई गारठलेली

टायरच्या दुकानावरच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया, बाप्ये, सगळ्यांनी रक्ताचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेले. पुढे खुर्चीवर गळेबाबा. माणसाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचा, म्हणून गळेबाबा.

"आम्ही राख काढत नाही, धागा बांधत नाही," बाबा सांगत होता. "आमचा चमत्कार मशीन छापतं. आमचं ऐकू नका, विज्ञानाला विचारा."

मग एकेकाला उभं करायचा. आधीचा रिपोर्ट, टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा आकडा, आभाळाला टेकलेला. नंतरचा, नॉर्मल. लोक टाळ्या पिटायचे. औषध काय, तर पिवळट पूड. गोळ्या बंद, पूड चालू.

"आणि रक्त द्यायच्या दिवशी पहाटे दोन चमचे जास्त," बाबा बजावायचा. "गळा जागा होतो. केसही दाट होतात, ते वरकड समजा."

मी खालीच टायर बदलतो. टाळ्या छतातून ऐकू यायच्या. त्यातल्या सगळ्यात जोरकस आमच्या दाजींच्या, कारण माझी ताई पहिल्या रांगेत.

ताईचं इस्त्रीचं दुकान. तिची गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद. रोज सकाळी एक गोळी घ्यायची आणि दिवसभर गाणी म्हणत इस्त्री फिरवायची. बाबानं गोळी सोडवली. गाणी थांबली, आवाज घोगरा झाला, तोंड सुजलं. तापल्या इस्त्रीशेजारी बाई स्वेटर घालून कुडकुडायला लागली. गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री ठेवून उभ्या उभ्या पेंगली.

"ताई, गोळी घे."

"रिपोर्ट चांगला आलाय की रे."

"पण तू चांगली नाहीस."

"टायरवाल्याला मशीनपेक्षा जास्त कळायला लागलं," दाजी म्हणाले.

मला वाटलं, लॅबवाली फितूर आहे. गेलो आणि तिच्या टेबलावर हात आपटला. तिनं चष्म्यावरून बघितलं. "रक्त खरं, मशीन खरं. ओरडायचं असेल तर बाहेर जाऊन ओरडा."

घ्या. बाबाचं काही खोटं सापडेना.

शेवटी ताईला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि ताईच्या टाचेमागे रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, आणि सरकारी फाईल परत यावी तसं रमतगमत जागेवर आलं.

"पाय असा सावकाश परततो म्हणजे ग्रंथी अजून मंदच आहे. गोळीशिवाय काय घेता?"

"गोळी नाही. पूडच. केसांनाही चांगली असते."

"केसांना," म्हणून बाई जरा हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं. "ऐका. डोक्यात एक ग्रंथी आहे. ती गळ्यातल्या ग्रंथीला हाक मारते, काम कर गं म्हणून. ती हाक म्हणजे टीएसएच. गळ्यातली ढिम्म बसली की हाक मोठी होते, आकडा वाढतो. आता केसांच्या औषधात बहुतेक बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. ते भरमसाट खाल्लं की काही मशीनांची तपासणी फसते. हाक चालूच असते, मशीनला ऐकू येत नाही. आकडा खाली, आजार जिथल्या तिथं. पूड थांबवा, आजपासून गोळी घ्या, काही दिवसांनी पुन्हा रक्त द्या."

"बाबा म्हणालेच होते, डॉक्टर असं बोलतील," ताई म्हणाली आणि चालू लागली.

बाईंनी मला थांबवलं. "ही अशीच राहिली तर एखाद्या थंडीत झोपेतून उठायची नाही."

मग काय, त्यांना विचारून मीच पूड खाल्ली. आधी रक्त दिलं, रिपोर्ट ठणठणीत. मग बाबाच्या पद्धतीनं, पहाटेचे दोन चमचे धरून, पूड चापली आणि त्याच लॅबात पुन्हा दिलं. टीएसएच जवळजवळ नाहीसा, थायरॉईडचं हार्मोन उतू चाललेलं. कागदाप्रमाणे माझी ग्रंथी चौखूर उधळलेली. हात थरथरायला हवेत, वजन झडायला हवं, झोप उडायला हवी.

हॉलात जाऊन हा दुसरा कागद बाबापुढे धरला. त्यानं माझ्या गळ्याला बोटं लावली, डोळे मिटले.

"फार आग आहे आत. पूड घे, निवेल."

"पुडीनंच लागली, बाबा. हा पूड खायच्या आधीचा कागद."

बाबानं दोन्ही पाहिले. "श्रद्धा नव्हती, म्हणून उलटली."

"मशीनला कुठली आली श्रद्धा? तुम्हीच म्हणता, विज्ञानाला विचारा. विचारलं."

"आग कसली?" पहिल्या रांगेतून दाजी बोलून गेले. "हा तर जेवला की टायरवर आडवा होतो. लाथ मारल्याशिवाय उठत नाही."

लोक हसले. मग हळूहळू जो तो आपापल्या पिशवीतला कागद बाहेर काढून बघायला लागला.

ताई खुर्चीला धरून उठली. "म्हणजे माझ्या डोक्यातली ती अजून हाका मारतेय?" घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं.

"मारतेय, ताई. घसा बसला असेल तिचा."

"चला," ती दाजींना म्हणाली. "औषधाच्या दुकानातून जाऊ."

दाजी तिच्या मागोमाग निघाले.

तर मंडळी, रक्त देताना पूड, टॉनिक, केसांची गोळी, जे काही पोटात जातं ते लॅबवाल्यांना आणि डॉक्टरला सांगा. कागद म्हणतो बरं आणि अंग म्हणतं नाही, तर लाजू नका, पुन्हा तपासा. आणि चालू गोळी कुणाच्या बोटांवर विसंबून सोडू नका.