सत्तेचाळीस नंबरचं लाल मत

मी विधानसभेतला सत्तेचाळीस नंबरचा बाक बोलतोय. अक्रोडाच्या लाकडाचा आहे. अंगावर दोन बटणं आहेत, हिरवं म्हणजे हो आणि लाल म्हणजे नाही. इतका सोपा कारभार, तरी चाळीस वर्षांत माणसं काही मला कळलेली नाहीत.

बावीस वर्षं माझ्यावर लोवेल टायडन बसला. गव्हाच्या मुलखातला आमदार. हाताला घट्टे आणि माझ्या खणात कायम भाजके शेंगदाणे. शेजारच्या बाकावर विरोधी पक्षाची डेल्फीन रोझॅक. माइकवर दोघं एकमेकांचे वाभाडे काढायची आणि खाली बसली की त्याच शेंगदाण्यांवर हात मारायची. हे भांडण की मैत्री, देव जाणे!

इथे एक रीत आहे. नियमात बसत नाही, पण सगळे पाळतात. शेजारी बाहेर गेला की त्याचं बटण आपण दाबायचं. लोवेल उठताना म्हणायचा, "खर्चाचं काही आलं की लाल दाब गं."

"जा रे कंजुषा," डेल्फीन म्हणायची, आणि इमानाने लाल दाबायची.

त्या मार्चमध्ये त्याच्या जिल्ह्यातली शाळकरी मुलं विधानभवन बघायला आली. लोवेल त्यांच्याबरोबर पायऱ्यांवर फोटोला गेला. तेवढ्यात रस्त्यांच्या विधेयकाला कोणीतरी दुरुस्ती जोडली, लहान गावांतल्या हॉस्पिटलांना अनुदान देण्याची. लोवेलने गावाला नेमकं हेच वचन दिलं होतं. पण घाईत डेल्फीनच्या कानावर फक्त ‘खर्च’ एवढंच पडलं. तिने हात लांबवून माझं लाल बटण दाबलं. दुरुस्ती एका मताने पडली.

लोवेल धावत आला तोवर मतदान बंद झालं होतं. डेल्फीनचा चेहरा पांढराफटक.

"मी उठून सांगते," ती कुजबुजली.

"गप बस. दुसऱ्याचं बटण दाबलंस हे कळलं तर आमदारकी जाईल तुझी."

आठवड्याभराने त्याच्या गावच्या हॉस्पिटलातली नर्स, आर्डिथ वेन्सेल, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आमचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतोय, टायडन. आता बायकांनी ऐंशी मैल जायचं? लाल मत द्यायचं होतं, मग वचन कशाला दिलंत?"

"मत माझंच आहे," लोवेल म्हणाला. डेल्फीन मान खाली घालून शेंगदाण्यांची सालं गोळा करत राहिली.

मला ओरडावंसं वाटलं. बोट त्याचं नव्हतं, मी ओळखतो ना! पण लाल दाबायची सवय तिला त्यानेच लावलेली. मग तो खोटं बोलला का? माझं डोकंच चालेना.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत आर्डिथने त्याला पाडलं. आता तीच माझ्यावर बसते. परवा कॉफीला उठताना म्हणाली, "डेल्फीनताई, माझं बटण बघाल ना? इथली रीतच आहे म्हणे."

डेल्फीनने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "बस, आर्डिथ. लोवेलचं ते लाल बटण मी दाबलं होतं."

आर्डिथ परत माझ्यावर बसली. मतदान सुरू झालं, संपलं. दोघींनीही बटणाला हात लावला नाही. आर्डिथ म्हणाली, "मी दारोदार जाऊन त्याला खोटारडा म्हणत होते."

तुमच्यापैकी कोणी गव्हाच्या मुलखात गेलंच, तर लोवेलला माझा निरोप द्या. म्हणावं, एकदा येऊन सांगून जा बाबा, त्या दिवशी तू मैत्रीण वाचवलीस की खरं बोललास? मला अजून उलगडा होत नाही. आणि कळा सोसत ऐंशी मैल जाणाऱ्या बायकांनी नेमकं कोणाला विचारायचं, तेही सांगून जा.