मानेवर ३०४

मंगळवार, सकाळचे साडेआठ. सावर्डे, बाजारपेठेमागचं घर, खिडकीजवळची खाट.

मी चमचा बोलतोय. माझ्यात कोमट पेज होती आणि समोर गोदूबाईंचे घट्ट मिटलेले ओठ. ते उघडू नयेत, असं मला वाटत होतं. भीती वाटत होती ती माझीच.

“उघडा की हो तोंड, आई,” सून दर्शना म्हणाली. “तीन दिवस झाले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर डॉक्टर नाकातनं नळी घालणार आहेत. चालेल तुम्हाला?”

गोदूबाईंची उजवी बाजू अर्धांगाने गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही. त्यांनी मान फिरवली.

“आजारपणातपण सासुरवास करत्येय गो तुला!” शेजारच्या विमलाकाकू दारातून म्हणाल्या.

हा हट्ट नव्हता. मला माहीत होतं, पण चमच्याला कोण विचारतो?

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. मशीनखाली पातळ पत्रा सरकला, धाडकन ठोका पडला आणि मी सुटलो. सुटताना माझ्या कडेला एक बारीक, कातरी किनार राहिली. ती घासून काढायला हवी होती. पण हुकूम होता, गिऱ्हाइकाला दिसते तेवढीच बाजू चमकवा. मग माझ्या मानेवर ३०४ असा ठसा मारला. तो चांगल्या, निकलवाल्या स्टीलचा आकडा. माझ्यात निकल नावापुरतं, बाकी स्वस्तातलं मँगनीज. त्या ठोक्यापासून मी धास्तावलेलाच आहे. आज ना उद्या कुणाच्या तरी तोंडात जाणार, हे ठरलेलंच होतं.

मुंबईच्या दुकानात मला वाटलं, आता पकडला जाईन. गोदूबाईंचा मुलगा सागर आईसाठी चोवीस चमचे घ्यायला आला होता. चुंबक दुकानदारानंच पुढे केलं. “लावून बघा साहेब, चिकटलं तर पैसे परत.”

चिकटलं नाही. माझ्यासारख्या मँगनीजवाल्याला ते चिकटतच नाही. दुकानदाराला हे ठाऊक होतं, सागरला नव्हतं. खोकं घरी आलं आणि आईचे झिजलेले चमचे त्यानं माळ्यावर टाकले.

आता ऐका. याच गोदूबाईंचं सावर्ड्याच्या बाजारात तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. विमलाकाकू सांगतात, कुणी चुंबक काढलं की गोदूबाई हसायच्या. “खिशात ठेव ते. अंगठा दे इकडे.” चमच्याच्या कडेवरून गिऱ्हाइकाचा अंगठा सावकाश फिरवायच्या. मान दोन बोटांत दाबून वाकते का बघायच्या. तरीही शंका राहिली, तर चमचा दोन दिवस आगळात बुडवायच्या. कोकमाच्या त्या खारट, आंबट रसात खोटं स्टील टिकत नाही. अशा बाईला माझी धार तीन दिवस आधी, पहिल्या घासालाच कळली होती. सांगायला तोंड नव्हतं, म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

त्या मंगळवारी दर्शनानं हनुवटी धरली. “एकच घास, आई. माझी शपथ.” आणि मला आत लोटलं.

मी ओठ कापला. रक्त आलं. रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं चालू होती, ते थांबेना. पांढरा पंचा लाल होत गेला आणि मी जमिनीवर पडून बघत राहिलो. “काकू, रिक्षा बोलवा!” दर्शना ओरडली.

दवाखान्यात रक्त थांबायला पाऊण तास लागला.

घरी आल्यावर गोदूबाईंनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. दर्शनानं मला उचलून दिलं. माझ्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरला आणि एका जागी थांबला. मग त्यांनी सुनेचा अंगठा ओढून तिथेच टेकवला.

“अगोबाई!” दर्शनानं हात मागे घेतला. “आई, तुम्ही पेजेला नाही म्हणत नव्हतात.”

माळ्यावरचा एक जुना, जड चमचा खाली आला. गोदूबाईंनी वाटीभर पेज संपवली. नळी टळली.

मी आगळात गेलो. दोन दिवसांनी दर्शनानं मला बाहेर काढलं, तेव्हा ३०४ च्या भोवती तपकिरी ठिपके होते.

“अगं, चुंबक लावून घेतलेत मी!” मुंबईहून फोनवर सागर म्हणाला.

“मग आईंच्या ओठाला लावा ते चुंबक.”

सागर दुकानात जाऊन भांडला. “माल वरून येतो,” एवढंच उत्तर मिळालं. वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना.

आता मी ओट्याच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला आहे. माझे तेवीस भाऊ खोक्यात आहेत. पण तसलीच खोकी त्या दुकानात अजून मांडलेली आहेत, आणि मला धडकी भरते ती त्यांची. चमचा विकत घेताना कडेवरून एकदा अंगठा फिरवा हो, हळूच. उद्या तो तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडात जाणार आहे.

खोक्यावर कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही. जो फोन नंबर छापलाय, तो लागत नाही. माझ्या मानेवर ३०४ आहे. तो कुणी मारला, हे आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.